श्रावणबाळचा अर्ज : कोराडीहून कामठीपर्यंत

कोराडीच्या वीजकेंद्रात कंत्राटदाराकडे राबून म्हातारे झालेल्या कित्येकांच्या हाती पेन्शन पडत नाही. शेतमजुरांचंही तेच. अशांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे : महिन्याला 1,500 रुपये. हे दान नव्हे. साबणापासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूवर तुमच्या घरच्या आजीनं जन्मभर कर भरलाय. अर्ज करताना मान खाली घालू नका.

आधी वय आणि उत्पन्न पाहा. 65 वर्षं पूर्ण हवीत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, तर 1,500 मधले 200 रुपये केंद्राचे असतात, ऐंशीनंतर 500. बाकीचे राज्य घालतं. नाव नसेल तर सगळे पैसे राज्याच्या तिजोरीतून येतात. हातात रक्कम तेवढीच पडते, म्हणून यादीत नाव नाही एवढ्यावरून घरी बसू नका.

मग कागद गोळा करा : आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहत असल्याचा दाखला, पासबुक, फोटो. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांचं वय आधारवर अंदाजानं लागलेलं असतं. ते कमी दिसत असेल तर सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला मिळवा.

खरी अडचण बँकेत येते. पैसे थेट खात्यात येतात, त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. पण धान रोवून आणि भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन अंगठा घेतच नाही. आजीचे हात कोमट पाण्यानं धुवा, फडक्यानं कोरडे करा, दुसरं बोट लावून पाहा. तरी जमलं नाही तर डोळ्यांच्या स्कॅनची सोय कुठे आहे ते विचारा. "उद्या या" ऐकून गुपचूप परतू नका. उन्हातली ती फेरी तिच्या गुडघ्यांना महाग पडते.

कोराडीकरांनो, अर्ज कामठी तहसील कार्यालयात, संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत द्या. झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात.

आता एक काम घरातल्या तरुणांचं. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात कुणाचं घर चालतं? ही मर्यादा वाढवा, असं निवेदन आमदारांना द्या. पैसा कुठून आणायचा, असं विचारलं तर व्यवसायकराची आठवण करून द्या : रोजगार हमीचा खर्च भागवायला महाराष्ट्रानं 1975 मध्ये हा कर लावला. जपान 2000 पासून चाळिशी ओलांडलेल्यांकडून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी वर्गणी घेतं. कामासाठी आपण कर लावू शकलो, तर म्हातारपणासाठीही लावू शकतो, हे स्पष्ट लिहा. खाली मोहल्ल्यातल्यांच्या सह्या, अंगठे घ्या.

आणि त्या निवेदनाचीही पोच घ्या.