पदवी व व्यवस्थापनशिक्षण यांचा पंचवार्षिक अभ्यासक्रम

व्यापारी कुटुंबातील मूल बारावी उत्तीर्ण झाले की घरात दोन तट पडतात. वडीलधाऱ्यांना वाटते, त्याने पेढीवर बसावे. मुलाला वाटते, बाहेर जाऊन एम.बी.ए. व्हावे. (मुलींच्या बाबतीतही आता हाच वाद होतो, ही समाधानाची गोष्ट होय.) या वादात अलीकडे तिसरा पक्ष उभा राहिला आहे. तो म्हणजे बारावीनंतर एकदाच प्रवेश घेऊन पाच वर्षांत पदवी व एम.बी.ए. दोन्ही मिळविण्याचा. अनेक सभासद बंधूंनी याविषयी पृच्छा केल्यामुळे हे चार शब्द लिहीत आहे.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात 1900 साली टक स्कूल निघाले. तेथे तीन वर्षे कॉलेजात शिकलेला विद्यार्थी पुढील दोन वर्षे व्यापारशिक्षण घेई. त्यांपैकी पहिले वर्ष त्याच्या पदवीचे चौथे वर्ष म्हणूनही धरले जाई. चार अधिक दोन मिळून सहा व्हावयाची, ती पाच झाली. एक वर्ष सरळ वाचले.

आपल्याकडे हा हिशेब तसा जमत नाही, आणि येथेच पुष्कळ पालक फसतात. आपली पदवी पूर्वापार तीन वर्षांची, एम.बी.ए. दोन वर्षांचे, बेरीज पाचच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी व त्यानंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी असा मार्ग खुला केला, तीही पाचच. मग जोडअभ्यासक्रमात वाचते काय? वाचते ती पदवीनंतरची दुसरी प्रवेशपरीक्षा. इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने 2011 साली असा अभ्यासक्रम सुरू केला. रोहतकच्या संस्थेने 2019 साली तोच कित्ता गिरविला. इंदूरला पहिली तीन वर्षे गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांचा पाया घालतात. शेवटची दोन वर्षे एम.बी.ए.ची. पदवीधरांना ज्या कॅट परीक्षेसाठी देशभरच्या लाखोंशी झुंजावे लागते, ती या मुलांना द्यावी लागत नाही. अर्थात बारावीनंतरची परीक्षाही काही सोपी नव्हे.

परंतु मोबदल्यात आपण काय देतो? सतरा वर्षांच्या मुलाची निवडीची मोकळीक. हा एक प्रकारचा वायदाच आहे. माल पाच वर्षांनी, दर आज ठरलेला. आपल्या कारापूरनजीक सत्तरीत पर्ये येथे गोवा व्यवस्थापन संस्था आहे (1993 साली ती रायबंदरास स्थापन झाली होती). तेथील द्विवार्षिक अभ्यासक्रमास पदवीधर जातात, त्यांतले कित्येक नोकरी करून आलेले. बाजाराचे चटके सोसलेल्या मनुष्याला मालसाठ्याचा धडा एका वाचनात समजतो. कोवळ्या मुलाला तो पाठ करावा लागतो.

म्हणून वायद्याच्या अटी वाचाव्यात. सर्वांत महत्त्वाची अट मधून बाहेर पडण्याची. इंदूरला तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. सर्वत्र ती तशीच असेल असे गृहीत धरू नये. माझ्या पुतण्याला चौथ्या वर्षी घरगुती अडचणीमुळे एका संस्थेतून परतावे लागले, तेव्हा कळले की तेथे पदवी पाचव्या वर्षाअखेरच एकत्र मिळते. साडेतीन वर्षांचे शुल्क भरून हाती केवळ गुणपत्रिका आल्या. नियमपुस्तिकेत ते स्पष्ट छापलेले होते. धान्याचे पोते उघडून मूठभर दाणे पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्या मी ती पुस्तिका उघडली नव्हती.

दुसरी अट मान्यतेची. 2024-25 पासून बी.बी.ए.सारख्या पदव्यांनाही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता घेण्याची पद्धत सुरू झाली आहे; ती पाहावी. तसेच पदव्या एक की दोन, आणि चौथ्या वर्षात जाण्यास किती गुण लागतात, हे लेखी मागून घ्यावे.

मूल गेलेच, तर सुट्टीत त्याला पेढीवर बसवावे. कुंभोजला जन्मलेले आपल्या समाजाचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापून ‘कमवा आणि शिका’ ही रीत रुजविली, ती गरिबांच्या मुलांसाठी. पण सधनांच्या मुलांनाही ती अपायकारक नाही. दिवाळीच्या वहीपूजनास मूल घरी येते, तेव्हा मागील वर्षाची खतावणी त्याच्यापुढे ठेवावी आणि कोणाची उधारी का थकली, हे त्यालाच शोधावयास सांगावे. माझा पुतण्या सध्या ते काम करतो, आणि राहिलेली पदवी दूरशिक्षणाने पूर्ण करीत आहे.