रॉयखलिनपासून राजपूरकरांपर्यंत



कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे येल विद्यापीठ आहे. त्याच्या मुद्रेवर एक उघडे पुस्तक असून त्यात हिब्रू अक्षरांत 'उरीम वे-थुम्मीम' असे लिहिलेले आहे. आमच्या नातीने ती मुद्रा पाहिली आणि हे कॉलेज आपल्या लोकांनी काढले काय, असे आम्हास विचारले. तसे नव्हे. ते १७०१ साली काढले प्युरिटन पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांनी. मग महायाजकाच्या ऊरपटातले हे शब्द त्यांच्या शिक्क्यावर कसे आले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात प्राचीन विद्यांचे पुनरुज्जीवन झाले, हे आपण शाळेत शिकलो. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, ग्रीक पंडित पुस्तके घेऊन इटलीत पळाले आणि नवयुग सुरू झाले, असे आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते अर्धेच खरे. फ्लॉरेन्समध्ये क्रिसोलोरास १३९७ पासूनच ग्रीक शिकवीत होता. आणि लॅटिन व ग्रीक यांच्या जोडीला तिसरी भाषा होती हिब्रू, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. मूळ ग्रंथ मुळातूनच वाचावा, असा त्या पंडितांचा आग्रह होता. मग तोरा लॅटिनमधून वाचून कसे चालेल?

पण हिब्रू शिकवणार कोण? ते ज्यू गुरूंनाच येत होते. जर्मनीचे योहान रॉयखलिन हे कायदेपंडित. बादशहाचे ज्यू वैद्य याकोब लोआन्स यांच्यापाशी त्यांनी धडे घेतले, पुढे रोमला ओबाद्या स्फोर्नो यांच्याकडे गेले. १५०६ साली त्यांनी लॅटिन भाषेतून हिब्रूचे व्याकरण व कोश छापला. पुस्तक हिब्रूप्रमाणे उजवीकडून उघडायचे! ख्रिस्ती वाचकास हे इतके नवे होते की, ते कसे वाचावे हे समजावून सांगणे भाग पडले.

हे शिक्षण लवकरच कामी आले. १५०९ साली फेफरकोर्न नावाच्या धर्मांतरित ज्यूने बादशहाकडून ज्यूंचे ग्रंथ जप्त करण्याचा हुकूम मिळविला. नंतर बादशहाने विद्वानांची मते मागविली, तेव्हा ग्रंथ नष्ट करू नयेत असे रॉयखलिन यांनी १५१० साली ठामपणे लिहून दिले. त्यासाठी त्यांना दहा वर्षे खटल्यास तोंड द्यावे लागले आणि १५२० साली रोमचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. ग्रंथ मात्र वाचले. त्याच सुमारास व्हेनिसमध्ये डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण तालमूद छापला. आज न्यू यॉर्कमध्ये कोणी तालमूदचा पानक्रमांक सांगतो, तो त्याच आवृत्तीचा असतो.

गुरूंची बाजूही पाहावी. एलिया लेविटा हे वैयाकरण रोममध्ये एजिदिओ या धर्मगुरूच्या घरी दहा वर्षांहून अधिक काळ सहकुटुंब राहिले व त्यास हिब्रू शिकविले. परक्यास तोरा शिकवितो म्हणून स्वकीयांनी त्यांना दोष दिला. जे आपल्यापाशी शिकले त्यांनी आपल्या लोकांचे भलेच केले, असे त्यांचे उत्तर होते.

प्युरिटन लोक अमेरिकेस आले ते ही हिब्रूची ओढ घेऊनच. प्लिमथचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड म्हातारपणी हिब्रू गिरवू लागले. आपल्या हस्तलिखिताच्या कोऱ्या पानांवर त्यांनी हिब्रू शब्द लिहून ठेवले आहेत. (आमच्या वयाच्या विद्यार्थ्यांना यातून धीर यावा!) हार्वर्डमध्ये तर हिब्रू सक्तीचे होते. तेथे १७२२ ते १७६० पर्यंत ज्युडा मोनिस यांनी ते शिकविले. ते जन्माने ज्यू. नेमणुकीपूर्वी महिनाभर आधी त्यांचा जाहीर बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मनात काय होते हे कोण सांगणार? विद्यार्थी त्यांचे व्याकरण हाताने उतरवून घेत. अखेर १७३५ साली ते बोस्टनमध्ये छापले गेले, इंग्रजीतून. इतकी वर्षे शिकवूनही मुलांना विषय रुचला नाही, हे वाचून निवृत्त शिक्षकास वाईट वाटते.

आता मुंबईकडे वळू. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस पोहोचले. अमेरिकन मिशनने काढलेल्या मराठी शाळांत आपली मुले शिकू लागली आणि आपल्यातले काही तेथे मास्तरही झाले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. मागाहून स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. रॉयखलिन यांनी लॅटिनमधून व मोनिस यांनी इंग्रजीतून केले, तेच काम आता आपल्या मायबोलीत झाले. १८४६ साली मराठी अर्थासह हाग्गादा निघाला.

आपल्या लोकांनी विद्या घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४ ते १९०५) मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेत चाळीस वर्षे मुख्याध्यापक राहिले. त्यांनी वीसहून अधिक पुस्तके सिद्ध केली. त्यांत बहुतेक प्रार्थनांची मराठी भाषांतरे आहेत. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. आम्ही लहानपणी सिद्दूर घडाघडा वाचीत असू, पण अर्थ कळे तो शेजारच्या मराठी पानावरून.

येथे अमेरिकेत उलट झाले आहे. आमची नात हिब्रूचा अर्थ सांगते, मराठी पान तिला मुके आहे. गेल्या वर्षी एका कुटुंबाने घर बदलताना आजोबांची मराठी-हिब्रू पुस्तके गेनिझासाठी आणून दिली. फाटलेली एकच होती, बाकी सर्व धड. आम्ही ती घरी आणली आहेत. रविवारी नात अर्धा तास बसते. हिब्रू ओळीचा अर्थ ती सांगते, मराठी ओळ आम्ही वाचतो, मग ती आमच्या मागून म्हणते. 'ळ' अजून जमत नाही.

आपल्या घरी अशी पुस्तके असतील, तर टाकण्यापूर्वी कृपया आम्हास कळवावे. पहिले पान नसले तरी चालेल.