हिंगणघाटचा कापूस, अमेरिकेचे गुलाम आणि आपला सौदा

गुलाम राबवणाऱ्या समाजाशी व्यापार केल्याने गुलामांची सुटका लवकर होते की लांबते? हा वाद जुना आहे, आणि वर्धा जिल्ह्यातील व्यापाऱ्यांना तो परका नाही. वणा नदीकाठच्या हिंगणघाटच्या कापसाचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. म्हणून या पाठात आम्ही तोच दाखला घेत आहोत.

व्यापाराच्या बाजूने बोलणारे म्हणतात की, देवाणघेवाणीने माणसे जवळ येतात, पैसा खेळतो, विचार बदलतात आणि जुलूम आपोआप सैल पडतो. ऐकायला हे पटते. पण हिशेब काय सांगतो?

१७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र बनवले.  सरकी झटपट निघू लागली, तसा इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस परवडू लागला. अमेरिकेच्या शिरगणतीत १७९० साली सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ते ३९ लाख ५३ हजारांवर गेले. बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ सालीच बंदी आली होती, तरीही हा आकडा वाढला. त्या काळात इंग्लंड आपला बहुतेक कापूस तिथूनच घेत होते. म्हणजे सत्तर वर्षांच्या भरभराटीच्या व्यापाराने बेडी सैल केली नाही. मालकाच्या हाती आलेल्या पैशातून नवी जमीन आणि आणखी माणसे विकत घेतली गेली.

काही इंग्रज सुधारकांना हे कळले होते. जॉर्ज थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३९ साली ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन केली. हिंदुस्थानचा कापूस वाढला तर गुलामांच्या कापसाचे गिऱ्हाईक तुटेल, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु आपल्याकडील बराचसा कापूस आखूड धाग्याचा, रस्ते खराब, रेल्वे नाही. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचे नाव चांगले होते, पण एवढ्याने लँकेशायरची भूक भागणार नव्हती. गिरणीवाल्यांनी सोयीचा माल सोडला नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडला कापूस हवा, म्हणून ते आपल्या मदतीला धावेल, असा दक्षिणेच्या गुलाम-मालकांचा हिशेब होता. व्यापाराचा उपयोग त्यांनी सुटकेसाठी नव्हे, तर आश्रयासाठी करू पाहिला. उत्तरेच्या आरमाराने बंदरे अडवली, आणि हिंदुस्थान व इजिप्तच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या कापसामुळेही मालकांचा डाव फसण्यास हातभार लागला. पण आपल्या व्यापाऱ्यांनी तो गुलामांसाठी पाठवला नव्हता, भावासाठी पाठवला होता. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती त्यानंतर, १८६७ साली.

गुलामगिरी संपली ती लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने, युद्धाने आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने. या काळात मँचेस्टरच्या कामगारांनी दाखवलेली हिंमत विसरता येत नाही. कापसाअभावी गिरण्या बंद, घरी चूल थंड. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी त्यांनी सभा घेऊन लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. ही सभा मुक्त व्यापाराच्या नावाने बांधलेल्या सभागृहातच भरली होती.

मग व्यापारी काहीच करू शकत नाही काय? करू शकतो. हजरत बिलाल (रजि.) यांच्या सुटकेसाठी हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मालकाला मोबदला दिलाच होता. तोही सौदाच. फरक असा की, त्या सौद्यात माणूस मोकळा झाला. पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये सुटकेचा करार मागणाऱ्या गुलामाशी तसा करार करण्याचा आणि त्याला आपल्या मालातून मदत देण्याचा आदेश आहे. जकातीच्या खर्चातही मान सोडवण्याचा वाटा आहे. आमच्या मते नुसता व्यापार कोणाला सोडवत नाही. सौद्यात सुटकेची अट असेल, तरच तो सोडवतो.

बांधवांनो, ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही. उचल देऊन मजुराला बांधून ठेवणे आजही घडते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली असून असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच त्या कायद्याने रद्द केली आहे. म्हणून माल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात :

१) विटा, कापड किंवा कुठलाही माल स्वस्त का पडतो, हे विचारावे. मजुरी बुडवून आलेली स्वस्ताई नाकारावी.

२) नुसते गिऱ्हाईक तोडून हात झटकू नयेत. मजुरीचा चोख हिशेब आणि काम सोडण्याची मोकळीक असेल तरच माल घेऊ, असे पुरवठादाराला सांगावे. त्यासाठी दोन पैसे जास्त द्यावे लागले तर द्यावेत.

३) आपल्याच कारखान्यातील उचलीची वही आधी तपासावी.

मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, अशा आशयाची हदीस बुखारीत आहे. त्याच हदीसमध्ये स्वतंत्र माणसाला विकून पैसा खाणाराही आहे. हे दोघे एकाच रांगेत आहेत, हे गल्ल्यावर बसताना ध्यानात असावे.