फॉरमॅट मारण्याआधी

आमच्याकडचा प्लेस्टेशन ४ बिघडला तो लाइट गेल्यामुळे. मुलगा खेळत असताना वीज गेली, थोड्या वेळाने आली, आणि मग बटण दाबले की निळा दिवा नुसता लुकलुकत राहायचा. मुलाने तो जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिला. संध्याकाळी मशिन चालू होऊन परत आले, पण आतून कोरे. दुकानात कुणाला न विचारता फॉरमॅट मारला गेला होता. ‘गॉड ऑफ वॉर’मधला जवळजवळ संपत आलेला प्रवास आणि मुलाने चुलत बहिणीसोबत मे महिन्याच्या सुट्टीत ‘क्रिकेट १९’मध्ये खेळलेली कारकीर्द, दोन्ही गेले. डिस्का कपाटात होत्याच, गेम पुन्हा टाकता आले. मुलगा मात्र कितीतरी दिवस कंट्रोलरला हात लावायला तयार नव्हता. मोठ्यांना हे किरकोळ वाटते. मला वाटले नाही, आजही वाटत नाही.

तेव्हापासून मी हे मशिन नीट समजून घेतले. ओळखीत कुणाचा कन्सोल अडला की मी पहिला प्रश्न विचारतो: दिवा कसा दिसतोय? सुरू होताना निळा दिवा थोडा वेळ लुकलुकतो आणि मग पांढरा होऊन स्थिर राहतो. तो कुठे थांबला, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

दिवाच नाही, बीपही नाही, तर आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहा. मूळ पीएस४ आणि स्लिम या दोन्हींना जुन्या टेपरेकॉर्डरची, आठच्या आकड्याच्या तोंडाची वायर चालते. घरात दुसरी असेल तर बदलून बघा. लाल दिवा म्हणजे मशिन तापले आहे. टीव्हीच्या बंदिस्त खणात कोंबलेल्या कन्सोलला हे हमखास होते. बंद करून गार होऊ द्या आणि मोकळ्या जागी ठेवा. तरीही तापत असेल, तर पंख्यातली धूळ जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

दिवा स्थिर पांढरा आहे, पण टीव्हीवर काळोख, याचा अर्थ कन्सोल सुरू झाला आहे, चित्र तेवढे पोचत नाही. एचडीएमआय केबल बदला, टीव्हीचे दुसरे पोर्ट वापरा, कन्सोलच्या पोर्टातली एखादी पिन वाकली आहे का ते टॉर्च लावून पाहा. पोर्ट सैल झाले असेल तर ते नव्याने बसवायचे काम कारागिराचे. पण या दोषाला फॉरमॅटचा काडीमात्र उपयोग नाही. कुणी सुचवलाच, तर मशिन उचला आणि दुसरीकडे जा.

आता आमचा प्रकार, निळ्यावरच अडकलेला. हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली, तर तिथली नोंदवही विस्कटू शकते. अशा वेळी सेफ मोड उघडून बघावा. कन्सोल पूर्ण बंद करा, मग पॉवरचे बटण दाबून तसेच धरून ठेवा. एक बीप लगेच ऐकू येते, दुसरी साधारण ७ सेकंदांनी. दुसरी ऐकली की बोट काढा. पडद्यावर कंट्रोलर केबलने जोडा अशी सूचना येईल. इथे पुष्कळ लोक अडकतात, कारण घरातली केबल फक्त चार्जिंगची असते आणि तिच्यातून डेटा जातच नाही. मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेताना चालते ती केबल घ्या आणि मग कंट्रोलरवरचे पीएस बटण दाबा.

यादीत पाचव्या क्रमांकावर ‘रिबिल्ड डेटाबेस’ आहे. त्याने गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत. डिस्क भरलेली असेल तर तासन्‌तास लागू शकतात, तेवढा वेळ वीज टिकेल असे पाहून सुरू करा. तरी जमले नाही, तर तिसऱ्या क्रमांकाने सिस्टिम सॉफ्टवेअर अपडेट करता येते. त्याची फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर घ्यावी. सहावा आणि सातवा पर्याय ‘इनिशियलाइझ’चे. ते सगळे पुसतात, म्हणून बाकीचे उपाय थकल्याशिवाय तिकडे वळू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा ती सापडतच नाही असा संदेश येत असेल, तर डिस्कच बदलावी लागण्याची शक्यता मोठी. लॅपटॉपला लागते तीच २.५ इंची साटा डिस्क यात बसते. जुनी डिस्क कॉम्प्युटरला जोडून सेव्ह काढू म्हणाल, तर ते होत नाही. तिच्यावरचा मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्या एकाच कन्सोलपाशी असते. कॉम्प्युटर तिला कोरी समजून फॉरमॅट करू का विचारील, तेव्हा नाही म्हणा.

दुकानात द्यायचीच वेळ आली, तर ‘विचारल्याशिवाय डेटा पुसू नये’ हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेले गर्दीत विसरले जाते.

कन्सोल पुन्हा चालू झाला की त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट’ उघडा आणि सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवा. गेम कितीही मोठा असो, सेव्ह त्या मानाने अगदी लहान असते आणि यासाठी पीएस प्लसची वर्गणी लागत नाही. मात्र सेव्ह ज्या खात्यावरून केली त्याच खात्याला बांधलेली असते, तेव्हा खात्याचा ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, मुलांच्या आठवणीवर सोडू नका. आणि जिथे वीज सारखी जाते, तिथे कन्सोल रेस्ट मोडमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा. नारिंगी दिवा दिसत असला, तर तो अजून जागाच आहे आणि डिस्कवर काहीतरी लिहीत असू शकतो.