कापडी खेळ

मुलांनो, माझी धाकटी मुलगी तीन वर्षांची झाली आणि अंगणवाडीत जाऊ लागली. आम्ही घरी उर्दू बोलतो. अंगणवाडीच्या ताई मराठी बोलत. पहिले आठ दिवस ती कोणाशीच बोलली नाही. मग मी तिच्यासाठी एक कापडी खेळ शिवला. तुम्हीही तो धाकट्या भावंडांसाठी बनवू शकता.

आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंजा, मानोरा या भागांत कापूस पिकतो. जुन्या कपड्यांच्या गोधड्या घरोघरी शिवतात. त्यातून उरलेले तुकडे फेकू नका. शिंप्याकडेही कात्रणे मिळतात.

मखमल, टॉवेल, गोणपाट आणि रेशमी ओढणी असे चार प्रकारचे कापड घ्या. प्रत्येकाचे तळहाताएवढे दोन चौकोन कापा. कडा दुमडून टाके घाला, म्हणजे धागे सुटणार नाहीत. प्रत्येक जोडीतला एक चौकोन समोर मांडा. दुसरा पिशवीत टाका. लहान मुलाने समोरच्या एका तुकड्यावर बोटे फिरवावीत. नंतर न बघता पिशवीत हात घालून त्याची जोडी शोधावी. जोडी जमली की शब्द सांगा: मखमल मऊ, गोणपाट खरखरीत, ओढणी गुळगुळीत.

दुसरा खेळ बटणांचा. एका पट्टीवर मोठी बटणे शिवा. दुसरीवर काजे करा. काज बटणाहून थोडे मोठे ठेवा. बटणे लावता-काढताना बोटांना वळण लागते. पुढे तीच बोटे पेन्सिल नीट धरतात. मात्र बटणे घट्ट शिवा आणि खेळताना जवळ बसा. सुटलेले बटण मुलाच्या घशात अडकू शकते.

हे खेळ नवे नाहीत. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत कापडाच्या जोड्या आणि बटणांच्या चौकटी आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे गरीब मुलांसाठी काम सुरू केले. महागडी साधने खेड्यात कशी आणणार? त्यांनी शिंपले, बिया, खडे यांतून साधने केली.

माझ्या मुलीने ती पिशवी अंगणवाडीत नेली. शेजारच्या मुलीने मखमल बाहेर काढली. माझी मुलगी हळूच म्हणाली, "मऊ!" अंगणवाडीतला तो तिचा पहिला शब्द. त्या दिवशी तिला मैत्रीण मिळाली.

शब्दार्थ
मऊ – नरम
खरखरीत – खुरदरा
कात्रण – कापडाचा उरलेला तुकडा
काज – बटण अडकवण्याची चीर

स्वाध्याय
१. चौकोनांच्या कडा का दुमडाव्यात?
२. बटणे घट्ट का शिवावीत?
३. घरातील पाच वस्तूंना हात लावा. त्या कशा लागतात ते मराठीत लिहा.