फोर्डची गाडी आणि मालकाचा शब्द

डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टन, लिव्होनिया, नोव्हाय या गावांत मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांतल्या अनेकांचं पोट गाड्यांच्या धंद्यावर चालतं. माझंही चाललं. नोकरी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत केली आणि दारात कायम फोर्ड उभी राहिली. आधी जुनी टॉरस, मग एस्केप, आता एफ-१५०. गणपतीची आरती झाली, ताटं वाढली गेली, की इथे नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "काकू, फोर्ड घेऊ का? की जपानीच बरी?" कोणती घ्यावी हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे बघून ठरवावं. पण फोर्ड घेतलीच तर मालकाने काय करावं, एवढं मला सांगता येईल. माझं मत पक्कं आहे. या कंपनीने मालकाचं ऐकलं तेव्हा ती तरली. कानात बोळे घातले तेव्हा तिने स्वतःचंही नुकसान केलं आणि लोकांचंही.

१. कंपनीचा इतिहास माहीत करून घ्या, आणि सगळाच घ्या.

हेन्री फोर्ड यांचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते. पहिली कंपनी बंद पडली. दुसरीतून ते १९०२ मध्ये बाहेर पडले आणि तिचीच पुढे कॅडिलॅक झाली. आजची फोर्ड मोटर कंपनी नोंदली गेली १६ जून १९०३ रोजी, २८,००० डॉलर रोख भांडवलावर. महिनाभरात खात्यात २२३ डॉलर ६५ सेंट उरले होते. त्याच सुमारास शिकागोच्या डॉ. फेनिंग या दंतवैद्यांनी ८५० डॉलर मोजून पहिली गाडी घेतली. कंपनीचा जीव तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात होता.

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. त्या काळच्या मानाने ती जवळपास दुप्पट होती, आणि तिच्यामुळे गाडी बनवणाराच गाडी घेऊ शकेल अशी वेळ आली. पण त्या पाच डॉलरसाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरात शिरून तो पितो का, पैसे साठवतो का, हे तपासत. ज्यूंविरुद्ध विष ओकणारं 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' हे साप्ताहिकही हेन्री फोर्ड यांचंच. २६ मे १९३७ रोजी रूज कारखान्याबाहेर युनियनची पत्रकं वाटायला आलेल्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारलं, आणि युनियनशी करार व्हायला १९४१ उजाडलं. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात मुलांना न्याल तेव्हा हेही त्यांना सांगा.

२. बॉनेट उघडायला घाबरू नका.

त्या संग्रहालयाला लागून असलेल्या ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये आजही मॉडेल टी या फोर्डच्या जुन्या गाडीतून चक्कर मारता येते. बसाल तेव्हा चालकाच्या पायांकडे बघा. तीन पेडल असतात, पण आपल्या सवयीचं एकही नसतं. डावं दाबलं की गाडी हळूच्या गिअरमध्ये, सोडलं की वेगाच्या. मधलं मागे जाण्यासाठी. उजवं ब्रेकचं. इंजिनाचा वेग वाढवायची दांडी स्टिअरिंगच्या खाली, ती हाताने ओढायची. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने किती पेट्रोल उरलंय ते बघायला सीटची गादी उचलायची, टाकीत लाकडी पट्टी बुडवायची आणि ती किती ओली झाली ते पाहायचं. पंप नव्हता, पेट्रोल उतारानेच इंजिनात यायचं. म्हणून टाकी रिकामी होत आली की चढावर लोक गाडी उलटी, रिव्हर्समध्ये न्यायचे.

१ ऑक्टोबर १९०८ ला आलेली ही गाडी १९२७ पर्यंत दीड कोटीहून जास्त बनली. स्वस्त होती म्हणून खपली हे खरंच. पण तिची दुसरी ताकद अशी, की शेतावरचा माणूस पाना आणि हातोडी घेऊन ती स्वतः दुरुस्त करू शकत होता. मागचं चाक उचलायचं, त्यावर पट्टा चढवायचा आणि त्याच गाडीवर लाकूड कापायची करवत चालवायची, इतकी तिच्याशी घसट.

आजच्या गाडीत संगणक आहेत, सगळं घरी होत नाही. तरी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि टायरमधली हवा एवढं मालकाला बघता आलंच पाहिजे. माझ्या जुन्या टॉरसचं बॉनेट उघडलं की ऑइलच्या पट्टीची कडी, झाकणं, जिथे मालकाने हात लावायचा ती प्रत्येक जागा पिवळी दिसायची. त्यामागेही इतिहास आहे. १९८० च्या आसपास तीन वर्षांत कंपनीला तीन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता. तेव्हा ल्यू वेराल्डी यांच्या टीमने टॉरस आखताना डिझायनर, कारखान्यातले कामगार, सर्व्हिसवाले, विमावाले यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवलं, इतर कंपन्यांच्या चांगल्या गाड्या खोलून त्यांतलं काय घेण्यासारखं आहे ते पाहिलं, आणि गाडी वापरणाऱ्यांना काय खुपतं ते विचारलं. १९८५ च्या शेवटी गाडी बाजारात आली. १९९२ ते १९९६ अशी पाच वर्षं ती अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी कार होती. पिवळी कडी ही केवढीशी गोष्ट! पण आपला विचार कुणीतरी केला आहे हे तिच्याकडे बघून कळायचं.

३. नवं मॉडेल पहिल्याच वर्षी घेऊ नका.

नव्याला नकार देणंही महागात पडतं, ते आधी सांगते. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली आणि साडेबारा तास लागणारी सांगाड्याची जोडणी दीड तासावर आली. मॉडेल टीची किंमत उतरत उतरत २६० डॉलरपर्यंत गेली. लोकांना मात्र तोवर रंग हवे होते, आराम हवा होता, सोपे गिअर हवे होते. १९१४ ते १९२५ गाडी फक्त काळी मिळायची. मुलगा एड्सेल बदल करा म्हणत होता, हेन्री ऐकत नव्हते. शेवटी शेव्हरोलेने बाजार खाल्ला आणि १९२७ मध्ये नवं मॉडेल तयार करण्यासाठी कारखाने महिनोन्‌महिने बंद ठेवावे लागले.

नव्याची घाईही तशीच महाग पडली. त्याच मुलाच्या नावाने, तो गेल्यावर, सप्टेंबर १९५७ मध्ये एड्सेल ही गाडी आली. जाहिरात अफाट झाली होती. पण गाड्या फोर्ड आणि मर्क्युरीच्या कारखान्यांत मधेमधे घुसवून बनवल्या जात आणि काही तर भाग कमी असलेल्या अवस्थेतच डीलरकडे पोचत. गिअर बदलायची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे हात हॉर्नसाठी जातो तिथेच. दोन वर्षांत, नोव्हेंबर १९५९ मध्ये ती बंद झाली. कंपनीने सुमारे २५ कोटी डॉलर घालवले. याउलट १७ एप्रिल १९६४ ची मस्टँग. तिच्याखाली फाल्कन या आधीच्या गाडीचे रुळलेले भाग होते, वरचं रूप तेवढं नवं, किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२,००० गाड्यांची मागणी आली.

म्हणून मी मुलांना सांगते, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन-तीन वर्षं रस्त्यावर मुरू दे. एरवी घाई करणारी मुलंही हे ऐकतात.

४. मिशिगनचं मीठ गाडी खातं.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाडी गंजते ती आतून, खालून. आमच्या शेजारी रूज कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. माझी टॉरस आल्यावर त्यांनी पुठ्ठा अंथरला, त्यावर आडवे झाले आणि मलाही खाली बघायला लावलं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक फटी असतात. त्यांत चिखल आणि पानांचा चुरा बसला की खारं पाणी आत साठतं. त्यांनी आइस्क्रीमची लाकडी काडी घेतली, एकेक फट मोकळी केली आणि काळपट पाण्याची धार लागली. दाराखालची लांब पट्टी, जिला इथे रॉकर पॅनल म्हणतात, तिच्यावर बोट आपटून आवाज ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. ठणठणीत आवाज आला तर पत्रा चांगला, बद्द आला तर आतून गेलेला. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. हिवाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी गाडीचं पोट धुवा आणि वसंतात या फटी साफ करा. जुनी गाडी घेताना ब्रेकच्या लोखंडी नळ्या बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, ती तशी गंजत नाही. पण खालची फ्रेम पोलादाचीच आहे.

५. टायरमधली हवा आणि रिकॉल यांना क्षुल्लक समजू नका.

हा मुद्दा माणसांच्या जिवाचा आहे. पिंटो या छोट्या गाडीची पेट्रोलटाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की टाकी फुटून आग लागायची, लोक होरपळले. गाडी १९७० मध्ये आली, सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, म्हणजे रिकॉल झाल्या, १९७८ मध्ये. उपाय काय, तर टाकीसमोर प्लास्टिकचं संरक्षण आणि पेट्रोल भरायची लांब नळी. एवढ्यासाठी आठ वर्षं गेली याचा मला आजही संताप येतो.

मग एक्स्प्लोरर या एसयूव्हीचं प्रकरण. फायरस्टोनचे टायर वेगात फाटायचे आणि गाडी उलटायची. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले गेले. अमेरिकेत २७० हून जास्त माणसं दगावली. फोर्ड टायरला दोष देत राहिली, टायर कंपनी गाडीला, आणि दोन्ही घराण्यांचा जवळपास शंभर वर्षांचा व्यवहार २००१ मध्ये तुटला. फोर्डने सांगितलेली हवा २६ पीएसआय होती. कमी हवेवर टायर तापतो. याच प्रकरणानंतर झालेल्या कायद्यामुळे हवा कमी झाल्याचा दिवा अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. पण नियमाने तो दिवा हवा २५ टक्के घटल्यावर लागतो. तेव्हा दिव्याची वाट बघू नका. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा आणि गेजने महिन्याला एकदा सकाळी, टायर थंड असताना मोजा.

२०२५ मध्ये एका वर्षात सर्वाधिक रिकॉल काढण्याचा विक्रम फोर्डच्या नावावर लागला. आधीचा ७७ चा विक्रम जनरल मोटर्सचा होता, २०१४ मधला. काही लोक म्हणतात, आता कंपनी दोष लपवत नाही. मला ते अर्धंच पटतं. दोष कबूल करणं चांगलं, पण गाडी कारखान्याबाहेर पडण्याआधी तो सापडायला हवा होता.

६. प्रत्येक वेळी कागद घ्या.

एका वर्कशॉपने मला एकदा "आवाज ऐकू आला नाही" असं तोंडी सांगून किल्ली हातात ठेवली. मी काउंटरवरून हलले नाही. तारीख, मैल, मी काय तक्रार केली आणि त्यांनी काय तपासलं, हे सगळं छापून घेतलं. पुढच्या खेपेला तोच कागद उपयोगी पडला.

मोठं उदाहरण फिएस्टा आणि फोकसचं. २०११ पासूनच्या या गाड्यांतला पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स थरथरायचा, अडखळायचा. मालक कोर्टात गेले, २०२० मध्ये तडजोड मंजूर झाली. दुरुस्तीसाठी वारंवार गेलेल्यांना पैसे मिळाले, पण त्या भेटींची नोंद दाखवता आली तरच. आणखी एक, डीलरकडेच सर्व्हिसिंग केलं नाही तर वॉरंटी जाते, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने तशी अट घालता येत नाही. फक्त पावत्या जपा.

७. कंपनी टिकेल का आणि आपलं मॉडेल टिकेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

२००६ मध्ये फोर्डचे तेव्हाचे प्रमुख ॲलन मुलाली यांनी कारखान्यांसकट निळ्या लंबगोलाचं बोधचिन्हही गहाण टाकून २३ अब्ज डॉलरहून जास्त कर्जाची सोय केली. त्यामुळे २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या तेव्हा फोर्ड उभी राहिली. पण त्याच फोर्डने २०१८ मध्ये मस्टँग सोडून इथल्या बाकीच्या कार बंद करायचं ठरवलं, आणि शेवटची टॉरस मार्च २०१९ मध्ये शिकागोत बनली. भारतात ९ सप्टेंबर २०२१ रोजी गाड्या बनवणं थांबवल्याचं जाहीर झालं, तेव्हा पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "ताई, माझ्या इकोस्पोर्टचं आता काय?" सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवण्याचं आश्वासन कंपनीने दिलं होतं. तरी मी त्याला सांगितलं, की फिल्टर, ब्रेक पॅड यांसारखे नेहमी लागणारे भाग नाहीतरी मिळतील. अपघातात जाणारे दिवे आणि बंपर मात्र किती दिवसांत येतात ते आत्ताच विचारून ठेव.

८. तक्रार लिहा.

फोर्डच्या मालकांनी फोर्डला धारेवर धरणं ही निष्ठाच आहे असं मी मानते. अमेरिकेत असाल तर समोरच्या काचेच्या खाली, चालकाच्या बाजूच्या कोपऱ्यात सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. तो वाहनसुरक्षेचं सरकारी खातं एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाका. रिकॉल बाकी असेल तर लगेच दिसेल, आणि त्याची दुरुस्ती फुकट असते. गाडीत सुरक्षेचा दोष आढळला तर तिथेच तक्रार नोंदवा. तशा तक्रारी साठल्या की खातं चौकशी सुरू करतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. हे वाचून झालं की आजच करा, आणि शेजारच्यांची गाडी असेल तर त्यांनाही करायला लावा.