तिसरा ड्रॉप नको, 108 च्या कंट्रोल रूमचा विचार करा

नीटचा निकाल लागला की माझा फोन सकाळपासून वाजायला लागतो आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. ‘मॅडम, या वेळी 380 आले, अजून एक ड्रॉप घेऊ दे का?’ ‘मुलगी म्हणते पुरे आता, पण दोन वर्षं गेलीच आहेत, तर तिसरं घालवून बघायला काय हरकत?’ ‘बीएएमएसलाही नंबर लागत नाही, आता काय?’ विचारणारे बहुधा वडील असतात, आई शेजारून एखादा मुद्दा सुचवत असते, आणि ज्याच्या आयुष्याबद्दल हे सगळं चाललंय तो मुलगा त्याच खोलीत गप्प बसलेला असतो. त्याच्याकडे फोन द्या म्हटलं की ‘तो काय सांगणार’ असं उत्तर मिळतं.

माझं उत्तर स्पष्ट आहे. तिसरा ड्रॉप घेऊ नका. 2025 मध्ये देशभरात 22 लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली आणि त्यातली 12 लाखांहून जास्त ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या निम्म्याच सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊ जणांना एमबीबीएसला जागा नाही. हे गणित तुमच्या मुलाच्या मेहनतीनं बदलणारं नाही. पहिला ड्रॉप समजू शकते. दुसऱ्यात गुण फारसे वाढले नसतील, तर तिसऱ्यात वाढतील असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा क्लासची फी घेणारा असतो. एकोणीस-वीस वर्षांचं मूल तीन वर्षं एकाच खोलीत तेच प्रश्न सोडवत बसतं, तेव्हा त्याचं काय होतं ते मी पाहते. आधी ते मित्रांचे फोन उचलणं बंद करतं, मग आरशात बघणं.

बाकीचे रस्ते दोन ओळींत सांगते, कारण त्यांची माहिती कुठंही मिळते. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. फिजिओथेरपीला नीट लागते. बीपीएमटीचे पॅरामेडिकल अभ्यासक्रम आहेत, फार्मसी आहे, मायक्रोबायोलॉजी आहे. सगळे चांगले आहेत. मला आज ज्या कामाबद्दल बोलायचंय त्याचं नाव एकाही पालकाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. ते काम आहे 108 किंवा 112 ला लावलेला फोन पलीकडून उचलणाऱ्या माणसाचं.

‘म्हणजे कॉल सेंटर?’ इथंच पालकांचा चेहरा बदलतो. क्रेडिट कार्ड विकणारं कॉल सेंटर आणि ही कंट्रोल रूम यांत हेडफोन सोडला तर सारखं काही नाही, म्हणून हे काम नेमकं काय आहे ते आधी समजून घ्या.

महाराष्ट्रात 108 रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला 937 गाड्या होत्या. त्यातल्या 233 मध्ये अतिदक्षतेची सामग्री होती, उरलेल्या 704 प्राथमिक जीवनरक्षणाच्या. या सगळ्यांची सूत्रं पुण्यात औंधच्या कंट्रोल रूममधून हलतात. पोलिस, आग, अपघात अशा सगळ्यांसाठी एकच 112 क्रमांक राज्यात 2021 मध्ये आला. त्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात आहे. तिथं घेतलेली माहिती त्या-त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जाते आणि तिथून रस्त्यावरच्या गाडीतल्या पडद्यावर. हा सगळा प्रवास सुरू होतो तो एका माणसाच्या कानापासून. त्यानं चूक ऐकलं, तर पुढची कितीही चांगली गाडी चुकीच्या गावात पोचते.

आणि आपल्याकडं गाव ऐकणं हीच मोठी परीक्षा असते. ‘वडगावला अपघात झालाय, लवकर या.’ कुठलं वडगाव? मावळातलं, शेरी, बुद्रुक, खुर्द, की निंबाळकर? पिंपळगाव म्हणावं तर तेही जिल्ह्याजिल्ह्यात. मोबाइलचं लोकेशन टॉवरपर्यंत आणून सोडतं, पुढं ‘मारुतीच्या देवळामागं डावीकडं, पाण्याच्या टाकीखाली’ हेच कामाला येतं. घाटात गाडी उलटली असेल तर किलोमीटरचा दगड विचारायचा असतो, आणि फोन करणारा तर स्वतःच थरथरत असतो. तालुका, नाका, वस्ती, पाडा, तांडा हे सगळं डोक्यात असलेला माणूस इथं लागतो. भूगोलात ज्याला कमी गुण पडले पण एसटीच्या प्रत्येक फाट्याची माहिती आहे, असा मुलगा इथं फार उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट भाषेची. माझ्याकडं धडगावकडचा एखादा विद्यार्थी येतो आणि त्याच्या बोलण्याला पुण्याचं वळण नाही म्हणून लाजतो. त्याला पावरी येते, थोडी भिली येते, शाळेतली मराठी येते, हिंदी येते. मेळघाटातल्या मुलीला कोरकू येते, गडचिरोलीच्या मुलाला गोंडी. शहरातल्या मुलाखतीत ज्याची लाज वाटते तेच ज्ञान कंट्रोल रूममध्ये जीव वाचवू शकतं. घाबरलेला माणूस प्रमाण भाषेत बोलत नाही. तो आईच्या भाषेत बोलतो.

आता वैद्यकीय भाग. फोनवर कोणी म्हणतं, ‘बाबा अचानक पडले.’ पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: शुद्धीवर आहेत का, आणि नीट श्वास घेतायत का. दोन्हीला ‘नाही’ आलं की हृदय थांबलंय असं धरून पुढं जायचं. इथं एक फसवी जागा आहे. हृदय थांबल्यावरही काही क्षण माणूस अधूनमधून घरघरत, आचके देत श्वास ओढतो. घरचे सांगतात, ‘श्वास चालू आहे.’ शिकलेला कॉल टेकर इथं फसत नाही. तो विचारतो, ‘छाती दर वेळी नियमित वर-खाली होतेय का, मला सांगा.’ मग तो फोन करणाऱ्या मुलाला गुडघ्यावर बसवतो, तळहात छातीच्या मधोमध ठेवायला सांगतो आणि मोठ्यानं मोजत राहतो, मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके जोरात. दाब दिले गेले नाहीत तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका यायला दहा मिनिटं लागणार असतील, तर त्या दहा मिनिटांतला उपचार फोनवरचा हा माणूसच करून घेत असतो. सर्पदंशात घट्ट आवळून बांधू नका, कापू नका, हात-पाय हलवू नका, हेही तोच सांगतो. रस्त्यावर जखमी दिसला आणि वाटसरू ‘पोलिसांच्या भानगडीत नको’ म्हणून कचरू लागला, तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, हे त्याला ठामपणे सांगून थांबवणंही याच कामात येतं.

ज्या मुलाला खरोखर रुग्णांची सेवा करायची होती, त्याला एवढं वाचून काहीतरी वाटायला हवं. त्याला काहीच वाटलं नाही आणि फक्त नावामागची ‘डॉक्टर’ ही अक्षरंच हवी असतील, तर ती कुणाला हवी आहेत हा प्रश्न घरात बसून विचारा. खूपदा ती वडिलांना हवी असतात. साडूच्या मुलाला एमबीबीएस मिळालं म्हणून आपल्या मुलाची तीन वर्षं जाळणं हा अन्याय आहे, आणि तो प्रेमापोटी केला म्हणून कमी होत नाही.

मुलींच्या पालकांशी वेगळं बोलते. ‘रात्रपाळी आहे, लग्नाला अडचण येईल’ हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. नर्सिंगला रात्रपाळी असते, निवासी डॉक्टरला छत्तीस-छत्तीस तासांची ड्यूटी असते, तिथं कुणी हरकत घेत नाही. मग इथं हरकत रात्रीला नाही, पदाच्या नावाला आहे. मध्यरात्री नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून न्हाणीघरातून कुजबुजत फोन करणाऱ्या बाईला पलीकडं बाईचा आवाज मिळाला तर ती जास्त बोलते. तुमच्या मुलीची तिथं गरज आहे. जाण्या-येण्याच्या गाडीची, सुरक्षेची चौकशी जरूर करा, त्यावर अडून बसा. पण नकार देऊ नका.

एवढं कौतुक केल्यावर कडू भागही पूर्ण सांगायला हवा, नाहीतर मीही क्लासवाल्यांसारखीच ठरेन. हे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहे. सरकार सेवा देणारी कंपनी नेमतं, कंपनी माणसं नेमते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि कंपनी बदलली तर आधीच्या वर्षांचं काय, याची टांगती तलवार कायम असते. आणखी मूळ अडचण मान्यतेची आहे. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय यादीत आहे. रुग्णवाहिकेत बसणाऱ्याला त्यामुळं नोंदणीचा रस्ता मिळतो. फोन घेऊन त्या रुग्णवाहिकेला पाठवणारा मात्र यादीत नाही. त्याला किती तासांचं प्रशिक्षण हवं, त्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालेल का, त्याची बढती कशी होईल, याला कायद्याचा आधार नाही.

मनावर होणारा परिणामही लपवत नाही. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये अमेरिकेच्या 24 राज्यांतल्या 171 कॉल घेणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात जड गेलेले फोन कुठले विचारल्यावर त्यांच्या उत्तरांत लहान मुलाचा अचानक मृत्यू किंवा गंभीर इजा हे सर्वांत वर होतं. प्रत्यक्ष घटनास्थळी नसतानाही मानसिक आघात होतो, हे त्यातून ठळक झालं. या माणसाला शेवट कळत नाही. रुग्णवाहिका पोचली की फोन बंद होतो आणि पुढचा वाजतो. मूल वाचलं का, ते कुणी सांगत नाही. अशा फोननंतर दहा मिनिटं उठून बाहेर जायची मुभा, बोलायला समुपदेशक आणि मोठ्या प्रसंगांनंतर काय झालं ते कळवण्याची पद्धत, एवढं तरी प्रत्येक केंद्रात असलंच पाहिजे. मी हे मागणं ठासून मांडते, कारण याशिवाय चांगली माणसं टिकणार नाहीत.

हे आपोआप मिळणार नाही, भांडावं लागेल. म्हणूनच या क्षेत्रात जाणाऱ्या मुलांना मी नॉर्मा टोरेस यांच्याबद्दल सांगते. ग्वाटेमालात जन्मलेल्या टोरेस लॉस एंजेलिस पोलिसांच्या 911 या आपत्कालीन क्रमांकाच्या केंद्रात सतरा वर्षांहून अधिक काळ फोन घ्यायच्या. 1990 च्या दशकात एका लहान मुलीचा फोन स्पॅनिश बोलणारं कुणी मोकळं नव्हतं म्हणून वीस मिनिटांहून जास्त थांबून राहिला. टोरेस यांनी तो घेतला तोवर उशीर झाला होता, आणि मुलीचा खून त्यांना फोनवरच ऐकावा लागला. त्यानंतर त्यांनी शहराकडं दोन भाषा येणाऱ्या कर्मचाऱ्यांची भरती करून घेण्यासाठी लढा दिला. पुढं त्या राजकारणात आल्या, अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेल्या आणि 911 च्या कर्मचाऱ्यांना सरकारी वर्गीकरणात कारकुनी गटातून काढून संरक्षण सेवेच्या गटात घालावं, असं विधेयक त्यांनी मांडलं. तिथंही 2018 च्या वर्गीकरणात हे लोक कारकुनांतच मोजले गेले होते. पावरी आणि कोरकू बोलणारी मुलं आपल्या कंट्रोल रूममध्ये हवीत, असं मी म्हणते ते त्या मुलीच्या फोनसारखे प्रसंग टळावेत यासाठी.

इतकं लांब जायचं नसेल तर आपल्या आशा सेविकांकडं बघा. त्याही कागदावर ‘स्वयंसेविका’. 2023 च्या संपानंतर त्या पुन्हा मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या, आणि मार्च 2024 मध्ये राज्यानं त्यांच्या मासिक मोबदल्यात 5,000 रुपयांची वाढ मान्य केली. ती त्यांनी संघटनेच्या बळावर मिळवली. फोन घेणाऱ्यांची मागणी याहून सोपी आहे: किमान प्रशिक्षणाचे तास ठरवा, सगळीकडं चालेल असं प्रमाणपत्र द्या, कंपनी बदलली तरी सेवेची वर्षं मोजा. हे तुमच्या आमदाराला पत्रानं सांगायला नोकरी लागण्याची वाट बघायचं कारण नाही. तुमच्या घरातला फोनही कधीतरी तिथंच जाणार आहे.

विद्यार्थ्यानं नेमकं काय करायचं? बारावीनंतर सरळ हेडफोन लावून बसू नका. आधी पदवी घ्या, शक्य असेल तर इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजीची, कारण ती हातात असली की रुग्णवाहिका, रुग्णालयाचा अपघात विभाग आणि कंट्रोल रूम ही तिन्ही दारं उघडी राहतात. त्या 2021 च्या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचं आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तासांचं शिक्षण सांगितलंय. तेव्हा सहा महिन्यांत पॅरामेडिक बनवतो म्हणणाऱ्या संस्थेच्या पायरीवरूनच परत फिरा. कला शाखेची मुलंही येऊ शकतात. मानसशास्त्र किंवा समाजकार्य घेतलं असेल तर 112, मुलांसाठीच्या 1098 किंवा मानसिक आरोग्याच्या 14416 सारख्या सेवांत त्याचा थेट उपयोग होतो. शिकत असतानाच रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स करा, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग वेगानं यायला हवं, आणि आपल्या जिल्ह्याचा नकाशा तालुक्यांसकट पाठ करा. चार-पाच वर्षं फोन घेतल्यावर गाड्या पाठवणं, पाळीचं नेतृत्व, कॉलची गुणवत्ता तपासणं, नव्यांना शिकवणं असे टप्पे येतात. ज्याला धोरणाकडं वळायचंय त्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं आणि सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण आहे. प्रत्यक्ष फोन घेतलेला विद्यार्थी तिथल्या वर्गात वेगळा उठून दिसेल.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा. नेमणुकीच्या पत्रावर नियोक्ता म्हणून कुणाचं नाव असेल? भविष्य निर्वाह निधी पहिल्या महिन्यापासून कापला जातो का? स्वतंत्रपणे फोन घ्यायला बसवण्याआधी किती दिवस अनुभवी माणसाशेजारी बसून ऐकायला मिळतं? रात्री घरी सोडायला गाडी आहे का? एखादा फोन फार जड गेला तर त्या पाळीत मी कुणाशी बोलू? पालकांनी सोबत जायला हरकत नाही, पण हे प्रश्न मुलाला किंवा मुलीलाच विचारू द्या आणि आपण बाहेरच्या बाकावर बसा.